न बोलणाऱ्या मुलाशी तक्त्यावरून बोलायला सुरुवात कशी करावी

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा दूध हवं असलं की माझं मनगट धरून मला फ्रिजपर्यंत ओढत न्यायचा आणि माझा हात फ्रिजच्या दारावर टेकवायचा. माझ्याकडे बघायचा नाही, आवाजही काढायचा नाही. मी दूध काढलं आणि त्याला ताक हवं असलं, की पेला भिंतीवर. आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणायचो. "हे नको, ते दे" एवढं सांगायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं, हे कळायला आम्हाला फार वेळ लागला.

ज्यांच्या घरी असा पेला भिंतीवर जातो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. सात वर्षं घरात तक्ते लावणारी, फाटले की पुन्हा करणारी आई आहे. तक्ता म्हणजे चौकोनाचौकोनांत शब्दांची चित्रं असलेला कागद, चित्रावर बोट ठेवून बोलायचा. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांपैकी साधारण २५ ते ३० टक्के मुलं शाळेच्या वयापर्यंतही कामापुरतं बोलत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रं, तक्ते, चिठ्ठ्या, बोलणारे टॅब अशी जी साधनं वापरतात त्यांना मिळून पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. थेरपीच्या वर्तुळात सगळे त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून नुसतं 'एएसी' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सुरुवातीआधी तीन गोष्टी

कानांची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. न बोलणाऱ्या लहान मुलाची श्रवणचाचणी झोपेत करतात, तिला 'बेरा' म्हणतात. हाक मारल्यावर बघत नाही ते ऑटिझममुळेच, असं घरात बसून ठरवू नका. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात याची चौकशी करता येते. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं कामच वाचा आणि श्रवणाचं आहे.

दुसरी गोष्ट घरातल्यांच्या भीतीची. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, बोट ठेवून काम भागायला लागलं तर तोंडानं कशाला बोलेल तो?" प्रश्न अगदी रास्त आहे, प्रत्येक घरात निघतो. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या ज्या २७ जणांची नोंद भक्कम होती, त्यांतल्या एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नाही, ८९ टक्के जणांचं थोडंफार वाढलंच. पुढे २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने ५ ते ८ वयाची, जवळजवळ न बोलणारी ६१ मुलं घेतली. थेरपीच्या सुरुवातीपासून ज्यांना बोलणारं यंत्र मिळालं, ती मुलं स्वतःहून जास्त बोलू लागली. सासूबाईंना हे आकडे मी सांगितले. त्यांना पटलं मात्र वेगळ्याच कारणानं, ते पुढे येईल.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजूनही त्रास होतो. "आधी त्याला एका जागी बसता येऊ दे, चित्राला चित्र जुळवता येऊ दे, मग बघू," असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं गेलं. त्यात दीड वर्ष गेलं. एएसीला अशी कुठलीही पूर्वपरीक्षा नसते. मूल दोन-अडीच वर्षांचं असलं तरी चालतं, एका जागी बसत नसलं तरी चालतं. तक्ता त्याच्या मागे न्यायचा.

पहिला आठवडा: नुसतं बघा आणि लिहा

एक शंभर पानी वही घ्या. आठवडाभर मूल जे जे 'सांगतं' ते लिहा: कुठे, कशानं, कशासाठी. हात ओढला. दारापाशी चप्पल आणून टाकली. कान झाकले. मिक्सर लागल्यावर पळून गेला. उगाच रडला असं वाटलं तर रडण्याच्या आधीची पाच मिनिटं लिहा.

आठवड्याअखेरीस दोन गोष्टी दिसतील. न बोलणारं मूल दिवसभरात कितीतरी वेळा काहीतरी सांगत असतं. आणि त्यातलं खाण्यापिण्याचं सोडून बाकीचं आपण बहुतेक पकडतच नाही. आमच्या वहीत खाणं सोडून सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट 'थांबव हे' ही होती. पंखा थांबव, टीव्ही थांबव, पाहुण्यांचं गालगुच्चे घेणं थांबव. या वहीतूनच तक्त्याचे शब्द काढायचे.

तक्ता: कोणते शब्द, कुठे

बहुतेक घरांत पहिला तक्ता असा होतो: सफरचंद, केळं, बॉल, गाडी, मांजर, शू. यातून मूल फक्त मागू शकतं, तेही आपण छापलेलंच. रोजच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे, कुठेही लागू पडणारे थोडेच शब्द असतात. दे, नको, अजून, थांब, उघड, कुठे. ते आधी. केळं आणि बॉल नंतर, वेगळ्या पट्टीवर.

इथे मराठीच्या काही खास गोष्टी आहेत. इंग्रजीतले तयार तक्ते उतरवून घेतले की त्या निसटतात.

एक, क्रियापद. इंग्रजीत ते मधे येतं, म्हणून त्यांच्या तक्त्यात क्रियांचा रकाना मधे असतो. आपलं क्रियापद शेवटी: 'मला बाहेर जायचं'. म्हणून क्रिया उजवीकडे ठेवा, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे सरळ जाईल.

दोन, 'हवा, हवी, हवं'. आंबा हवा, पोळी हवी, दूध हवं. एका चौकोनात हे बसत नाही. 'पाहिजे' घ्या. आंबा पाहिजे, पोळी पाहिजे, दूध पाहिजे, सगळीकडे तेच चालतं. तसंच 'जातो, जाते' ऐवजी 'जायचं', 'खायचं' घ्या. 'मला जायचं' मुलगाही म्हणतो, मुलगीही म्हणते.

तीन, 'नको' आणि 'नाही' एक नव्हेत. इंग्रजी तक्त्यात दोन्हींसाठी एकच चौकोन असतो. मराठी मुलाला पहिल्या दिवसापासून 'नको' लागतं, 'नाही' नंतर आणलं तरी चालतं.

आमचा पहिला सोळा चौकोनांचा तक्ता असा होता. डावीकडून पहिला उभा रकाना: मला, आई, हे, कुठे. दुसरा: अजून, बाहेर, मदत, दुखतंय. तिसरा: दे, बघ, उघड, जायचं. चौथा: पाहिजे, थांब, संपलं, नको. 'नको' मुद्दाम खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं. रागात, रडताना, न बघताही हात पडावा म्हणून.

चित्रं कुठून आणायची? स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारनं 'आरासाक' नावाचा चित्रसंग्रह खुला ठेवला आहे. हजारो चित्रं आहेत, नफ्यासाठी वापरायची नसतील तर फुकट, फक्त श्रेय द्यावं लागतं. क्रियांसाठी ती उत्तम. पण आजी, भाकरी, तुमच्या सोसायटीची लिफ्ट यांचे फोटो स्वतःच काढा. पार्श्वभूमी कोरी ठेवा. पोह्यांच्या फोटोत शेजारी स्टीलचा चमचा चमकत असला तर काही मुलं तो फोटो चमच्याचा समजतात. आमच्याकडे असंच झालं होतं.

प्रत्येक चित्राखाली शब्द ठळक लिहा. रंग ठरवून घ्या: माणसं पिवळी, क्रिया हिरव्या, वस्तू नारिंगी, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. ए-फोर कागदावर छापून झेरॉक्सच्या दुकानात जाड लॅमिनेशन करून घ्या, कोपरे गोल कापा. तीन-चार प्रती काढा. एक स्वयंपाकघरात, एक बाथरूमच्या दाराला, एक झोपायच्या खोलीत, एक तुमच्या पिशवीत.

एक नियम मात्र मोडू नका. शब्दाची जागा बदलायची नाही. 'दे' कुठे आहे हे मुलाच्या बोटाला पाठ होतं, आपल्या बोटांना मोबाइलची अक्षरं पाठ असतात तसं. पुढे चौकोन वाढवायचे असतील तर आत्ताच मोठा तक्ता आखून काही चौकोन कोरे सोडलेले बरे.

आता तुम्ही बोला, त्याला बोलायला लावू नका

लोक चुकतात ते इथेच. आम्हीही चुकलो. तक्ता टांगला की दुसऱ्या मिनिटाला आपण परीक्षा घ्यायला लागतो. "दूध कुठंय? दाखव! बोट ठेव!" मूल पळतं आणि आपण म्हणतो, याला जमत नाही.

बोलणारं मूल पहिला शब्द उच्चारायच्या आधी वर्षभर आपलं बोलणं ऐकतं. मग तक्त्याची भाषा त्यानं एकदाही न बघता कशी बोलावी? म्हणून पहिले काही महिने तक्त्यावर बोट तुमचं. तोंडानं नेहमीसारखं बोलायचं आणि वाक्यातल्या एक-दोन शब्दांवर बोट ठेवायचं. डबा उघडताना "थांब हं, आई *उघड*ते", बोट 'उघड'वर. वरण वाढताना "*अजून*?", बोट 'अजून'वर. दूध सांडलं, "अरे, *संपलं*!" मूल एक शब्द वापरत असेल तर तुम्ही दोन वापरा, दोन वापरत असेल तर तीन. त्यानं बघितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आमचा लेक पाठ फिरवून बसायचा आणि तरी त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं दिसत असायचं.

विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. दहा म्हणजे खरंच दहा. सहाव्याला आपलं तोंड उघडतं, ते मिटून ठेवा. या मुलांना ऐकलेलं आत पोचायला आणि हात उचलायला वेळ लागतो, आपण मधेच पुन्हा विचारलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दिवसभर करायला जाऊ नका, थकून सोडून द्याल. दिवसातल्या दोन ठरावीक वेळा धरा. आमच्या होत्या सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचा झोपाळा. झोपाळ्यावर 'अजून' आणि 'थांब' दहा मिनिटांत वीस वेळा येतात, आणि तेही हसत.

किती दिवस लागतील? आमचा पहिला शब्द पाचव्या महिन्यात आला.

'नको' म्हटलं की नको

तो पहिला शब्द 'थांब' होता. रविवार होता. मी त्याची नखं कापत होते. नखं कापणं म्हणजे आमच्याकडे दोघांनी धरून ठेवायचं काम. तक्ता शेजारी सतरंजीवर पडलेला. करंगळीचं नख अर्धं कापलं गेलं आणि त्यानं दुसऱ्या हाताचं बोट 'थांब'वर आपटलं. मी थांबले. नेलकटर खाली ठेवला. त्यानं नेलकटरकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत 'थांब' दाबलं, मी आधीच थांबलेली असताना. बहुतेक खात्री करत होता. मी दोन्ही हात वर केले. मिनिटभरानं त्यानं स्वतःच करंगळी पुढे केली. त्या दिवशी पाच नखं झाली, मधे मधे 'थांब' घेत.

त्या वेळी मी "एवढंच राहिलंय, कापून टाकते" म्हटलं असतं, तर तक्ता खोटा आहे असं तो शिकला असता.

म्हणून सुरुवातीचे महिने 'नको' आणि 'थांब' शक्य तिथे मानाच. औषध, सुई, रस्ता ओलांडणं अशा जागी मानता येत नाही. तिथे निदान ऐकलं हे दाखवा. 'नको'वर बोट ठेवून म्हणा, "नको म्हणतोयस, कळलं मला. औषध मात्र घ्यायचंय. मग झोपाळा."

याला जोडूनच सगळ्या शरीराचे शब्द द्या, गुप्तांगांसकट, आणि 'हात लावू नको' हा एक पूर्ण चौकोन द्या. न बोलणाऱ्या मुलाला कुणी त्रास दिला तर त्याला सांगायला शब्द असलाच पाहिजे. हा चौकोन लावायला संकोचू नका. 'दुखतंय'ही लवकर शिकवा. स्वतःला लागलं, पोळलं की तक्त्यावर दाखवून म्हणा, "आईला *दुखतंय*." आमच्याकडे कानदुखी एकदा 'हे', 'दुखतंय' आणि कानावर हात अशी कळली. त्याआधीची कानदुखी तीन रात्री डोकं आपटण्यात गेली होती.

बोट ठेवणं जमतच नसेल तर

काही मुलं तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्यासाठी चित्र हातात देण्याची पद्धत चांगली. अँडी बॉन्डी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये ती बसवली, तिला 'पेक्स' म्हणतात. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर आवडीची वस्तू घेऊन बसतं. दुसरं मुलाच्या मागे. मुलानं वस्तूकडे हात नेला की मागच्यानं तोच हात अलगद चित्राकडे वळवायचा, चित्र उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. समोरच्यानं लगेच "बिस्किट!" म्हणत वस्तू द्यायची. मागच्यानं एक शब्दही बोलायचा नाही आणि काही दिवसांत आपला हात काढून घ्यायचा.

हात काढून घेणं फार महत्त्वाचं. मुलाचा हात किंवा कोपर कायम धरून अक्षरांवर फिरवायचा आणि त्यातून लांबलचक वाक्यं निघाली की "बघा, आत किती आहे" म्हणायचं, असाही एक प्रकार चालतो. तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की तिथले शब्द हात धरणाऱ्याचे असतात, मुलाचे नव्हे. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आशेपोटी आपण तिकडे ओढले जातो, मला ते कळतं. पण आपल्या लेकराच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं लावू नका.

टॅब आणि ॲप

कागद अंगवळणी पडला की टॅबकडे जा, किंवा थेरपिस्ट म्हणत असेल तर दोन्ही एकदम. टॅबला आवाज असतो, त्यामुळे दुसऱ्या खोलीतूनही मूल हाक मारू शकतं. कागदाला ते जमत नाही.

पैसे खर्च करण्याआधी 'जेलो' उतरवून बघा. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालं आहे, फुकट आहे आणि मराठी आहे. बाजूला भावनांची सहा बटणं, आवडतं, हो, अजून अशी आणि त्यांची उलटी, आणि मधे खाणं, माणसं, जागा असे नऊ गट. 'अवाझ' चेन्नईचं आहे, अजित नारायणन यांनी सुरू केलेल्या कंपनीचं. शब्द खूप, रचना दांडगी, पण पैसे पडतात. आधी चाचणीच्या मुदतीत वापरा. 'सीबोर्ड' हे खुलं आणि फुकट, ब्राउझरमध्येही चालतं.

निवडताना जाहिरात बघू नका, चार गोष्टी स्वतः करून बघा. विमान मोडवर टाकून बोलतं का? स्वतःचा फोटो आणि आवाज टाकता येतो का? शब्दांच्या जागा पक्क्या राहतात का? सगळं साठवून दुसऱ्या टॅबवर नेता येतं का? टॅब पडणारच आहे. आमचे दोन फुटले, दुसऱ्या वेळी शब्द साठवलेले होते म्हणून वाचलो.

मराठी आवाज यंत्रावर वेगळा उतरवावा लागतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधा आणि तिथे मराठी उतरवा. तो आवाज मोठ्या माणसाचा वाटतो, म्हणून महत्त्वाचे वीस-पंचवीस शब्द आम्ही त्याच्याच वयाच्या मावसभावाकडून बोलून घेतले. आईचा आवाज घालू नका. मुलानं बटण दाबलं आणि आईच बोलली, तर कोण बोललं?

हा टॅब फक्त बोलण्याचा. त्यावर यूट्यूब नाही, खेळ नाहीत. आयपॅडवर 'गाइडेड ॲक्सेस' आणि अँड्रॉइडवर 'ॲप पिनिंग' लावलं की ॲपमधून बाहेर पडता येत नाही. जाड रबरी कव्हर, खांद्याला पट्टा. शिक्षा म्हणून टॅब काढून घेणं म्हणजे तोंडाला पट्टी बांधणं, तेवढं कधीही करू नका.

सुरुवातीला मूल एकच बटण शंभर वेळा दाबेल. 'पंखा पंखा पंखा'. डोकं उठतं, मान्य. पण बाळं 'बाबाबाबा' करतात तेव्हा आपण तोंड दाबत नाही. बटण काढून टाकू नका. "पंखा! *गोल* फिरतो. *बघ*," असं पुढचं बोला.

कागदाचा तक्ता मात्र फेकू नका. अंघोळ, पाऊस, एसटीचा प्रवास, संपलेलं चार्जिंग, सगळीकडे तोच उपयोगी पडतो.

घराबाहेर

सासूबाईंना पटलं ते असं. एका दुपारी त्या पोळ्या लाटत होत्या आणि यानं येऊन 'अजून' दाबलं. त्यांनी पोळी दिली. त्यानं ढकलली. परत 'अजून', आणि बोट लाटण्याकडे. त्याला कणकेचा गोळा हवा होता, लाटायला. आठ वर्षांत नातवानं त्यांच्याकडे खाण्याखेरीज मागितलेली ती पहिली गोष्ट. त्या दिवसापासून पिठाचे हात पुसून तक्त्यावर बोट ठेवायला त्याच सगळ्यात पुढे.

शाळेत तक्ता किंवा टॅब दप्तरात ठेवू देत नाहीत अशी तक्रार अनेक आई-वडील करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये बोलण्याची अडचण असलेल्यांसाठी पूरक-पर्यायी संवादाच्या साधनांचा वापर वाढवायची जबाबदारी सरकारवर स्पष्ट घातली आहे. अर्जात ते कलम लिहा. पण आधी वर्गशिक्षिकेला अर्धा तास मागा आणि तक्ता वापरून दाखवा. बाईंना भीती असते ती जास्तीच्या कामाची. वर्गातली मुलं तर दोन दिवसांत शिकतात. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना, दोन्हीचे अर्ज लवकर करून ठेवा. निरामयमध्ये थेरपीचा काही खर्च बसतो. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

दर तीन महिन्यांनी वही पुन्हा काढा, आठवडाभर पुन्हा लिहा आणि मुलाला काय म्हणायचं होतं पण शब्द नव्हता ते शोधा. गेल्या वेळी आमच्याकडे 'लिफ्ट', 'कितवा मजला' आणि 'चिडलोय' वाढले. त्याच्या तक्त्यावर आता चौऱ्याऐंशी चौकोन आहेत. 'नको' अजूनही खालच्या उजव्या कोपऱ्यातच आहे.